डावीकडे ओढणारी गाडी

निपाणीहून बेळगावला येताना हायवेवर गाडी डावीकडे ओढू लागली, तर आपण काय करतो? दिसेल त्या गॅरेजात व्हील अलाइनमेंट करून घेतो. गेममधल्या ओव्हल ट्रॅकवर मात्र नेमकी अशीच गाडी हवी असते. तिथली स्टॉक कार मुद्दाम डावीकडे ओढणारी करतात, कारण शर्यतभर वळायचं ते डावीकडेच.

घरोघरच्या पोरांची तक्रार ठरलेली: "गाडी वळतच नाही, भिंतीला जाऊन लागते." मग महागड्या स्टिअरिंगचा हट्ट. त्याआधी गेममधलं सेटअपचं पान उघडा.

खळ्यावरची मळणी आजोबांना आठवत असेल. मेढीजवळचा बैल रमतगमत फिरतो, कडेच्याला मात्र पळावं लागतं. चाकांचंही तसंच. बाहेरच्या उजव्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा घेरानं किंचित मोठा ठेवतात. हा स्टॅगर. निमुळता पेला फरशीवर आडवा ढकलून बघा, तो लहान तोंडाच्या बाजूला वळत जाईल. पुढची दोन्ही चाकंही वरच्या अंगाला डावीकडे झुकवतात. वळताना सगळा भार उजवीकडे येतो, म्हणून त्या बाजूच्या टायरात हवा जास्त.

खरी गंमत आहे वेजमध्ये. बाजेच्या एका पायाखाली वीट सरकवली, की त्या पायावर आणि त्याच्या तिरप्या समोरच्या पायावर भार वाढतो. गाडीत पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक ही अशीच जोडी. तिच्यावरचा भार वाढवला की गाडी 'टाइट' होते, म्हणजे नाक भिंतीकडे जातं. कमी केला की 'लूज', म्हणजे शेपूट बाहेर सुटते. तुमची गाडी वळत नसेल तर वेज थोडा उतरवा. थोडाच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं फरक पडला तेच कळत नाही.

कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथं जरूर जा. पण वळणं दोन्हीकडची, तिथं अशी वाकडी गाडी काय कामाची! ओव्हलवर नाव काढलेला आपल्याकडचा माणूस म्हणजे नारायण कार्तिकेयन. २०१० मध्ये अमेरिकेत मार्टिन्सव्हिलला नॅसकारच्या ट्रक मालिकेतल्या पहिल्याच शर्यतीत तो १३वा आला. आणि "गेम खेळून कुणाचं भलं झालंय?" असं घरात कुणी म्हणालंच, तर विल्यम बायरनचं नाव सांगा. हा मुलगा आयरेसिंगवर शिकला आणि २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० जिंकला. (अभ्यास बुडवायला हे कारण चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.)

सुरुवात मार्टिन्सव्हिलवरच करा. फेरी जेमतेम साडेआठशे मीटरची, त्यामुळे बदल लगेच जाणवतो. दहा फेऱ्या मारा, मग टायरचं तापमान बघा. मधला पट्टा कडांपेक्षा जास्त तापला असेल, तर हवा जास्त झालीय.