जुन्या पिकअपला टर्बो बसविण्यापूर्वी

आमच्या घरी १९९०च्या दशकातील एक टाटा मोबाईल पिकअप अद्याप चालत्या स्थितीत आहे. कोल्हापूरहून गुळाच्या ढेपा घेऊन ती रत्नागिरीस उतरते आणि मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन साखरप्याकडून आंबा घाट चढते. चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळू लागते, तिसरा टाकावा तर गाडी दम टाकते. मागे वाहनांची रांग लागते आणि शेजारी बसलेला पुतण्या दर वेळी तेच म्हणतो, "अण्णा, हिला टर्बो बसवू या."

त्याची मागणी अडाणीपणाची नाही. १९८८ साली आलेल्या या गाडीच्या इंजिनाची क्षमता १,९४८ सीसी. आणि तेवढ्याच क्षमतेचे, परंतु टर्बो व इंटरकूलर असलेले टाटांचे इंजिन १९९८च्या सफारीत होते. साध्या इंजिनाची शक्ती साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या आसपास, तर सफारीची नव्वदच्या घरात. मग जुन्या इंजिनावर टर्बो चढवला की काम झाले, असे कोणासही वाटेल. आमच्या एका व्यापारी स्नेह्यांना तसेच वाटले. त्यांनी एका गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीचा टर्बो आपल्या पिकअपला बसवून घेतला. पहिले काही महिने ते प्रत्येकाला गाडीत बसवून चढ दाखवीत. पुढे भर हंगामात, माल भरलेला असताना, घाटातच एक पिस्टन वितळला. आंबे दुसऱ्या गाडीत चढवीपर्यंत दुपार टळून गेली होती.

त्या प्रसंगानंतर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गाडी, माल आणि माणसे मिळून २,५०० किलो वजन धरले आणि चढ पंधरास एक असा धरला. चढासाठी सुमारे १६७ किलो व चाकांच्या घर्षणासाठी आणखी ३८ किलो, अशी एकूण २०५ किलोची ओढ लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाने चढण्यास चाकांपाशी सुमारे २३ अश्वशक्ती पुरते. ५० किलोमीटरने चढायचे तर ३८ लागते, वाऱ्याचा विरोध व गिअरमधील गळती वेगळीच. म्हणजे एवढ्या चढासाठी इंजिनात शक्ती मुळीच नाही असे नव्हे; ती हव्या त्या फेऱ्यांवर मिळत नाही, हे खरे दुखणे. दुसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला ३,२०० फेऱ्यांवर असताना तिसरा टाकला की फेऱ्या दोन हजारांवर येतात, आणि तेथे साध्या इंजिनाचा जोर तोकडा पडतो.

येथे क्राऊन-पिनियनचा विचार पुढे येतो. आपल्या गाडीचे प्रमाण ठाऊक नसेल तर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून सपाट जागी गाडी ढकलावी. चाकाच्या दहा फेऱ्यांत मागचा शाफ्ट किती वेळा फिरतो ते खडूच्या खुणेने मोजावे. पंचेचाळीस वेळा फिरला तर प्रमाण ४.५. टायरचा परीघ २.१ मीटर असेल, तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ६३५ वेळा फिरते. चौथा गिअर सरळ असल्यास इंजिन २,८५० फेऱ्यांवर, आणि पाचवा ०.८५चा असल्यास २,४३० फेऱ्यांवर येते.

आता ४.५ऐवजी ४.१ची जोडी टाकली तर फेऱ्या नऊ टक्के घटतात, आवाज कमी होतो, सपाट रस्त्यावर डिझेलही वाचू शकते. परंतु ओढही प्रत्येक गिअरमध्ये नऊ टक्क्यांनी उणावते आणि उतारावर इंजिनाचा धरही तितकाच सैल होतो. भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना ब्रेक तापू न देण्याचे काम मुख्यतः खालचा गिअर करतो. त्यामुळे ज्याचा नित्याचा रस्ता घाटाचा आहे, त्याने ही अदलाबदल करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अशा मालकास ४.९ची जोडी अधिक उपयोगी पडेल. पाचव्यात ८०ला फेऱ्या २,६५०पर्यंत जातील, एवढे सोसता येते. मोठे टायर टाकले की लांब गिअरचाच परिणाम होतो, शिवाय वेगमापक खरा वेग दाखवीत नाही; हौसेने टायर बदलणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही.

टर्बोची बाजू अशी. तो नुसती हवा देतो. शक्ती येते ती पंपाने वाढवलेल्या डिझेलातून, आणि त्याबरोबर उष्णताही. जुनी इनडायरेक्ट इंजेक्शनची इंजिने मुळातच बावीसच्या आसपास कॉम्प्रेशनवर चालतात. त्यांना अर्धा बार दाब पुष्कळ झाला. फोक्सवॅगनने आपल्या १.६ लिटर डिझेलला टर्बो दिला तेव्हा ५४ची शक्ती ७०वर नेली, अधिक नाही. आणि त्यासाठी पिस्टनच्या खालून तेलाचा फवारा दिला. साध्या इंजिनात असा फवारा नसेल, तर तोच पहिला प्रश्न आहे. धुराड्यातील उष्णता टर्बोच्या आधी मोजणारा मीटर हवाच. ती ७०० अंशांच्या खाली राहील असे पाहावे. आमच्या स्नेह्यांच्या गाडीला असा मीटर नव्हता. टर्बो मोठ्या इंजिनाचा होता, त्यामुळे दोन हजार फेऱ्यांखाली तो जागाच होत नसे. गिअर मात्र लांब केलेले. परिणामी चढणीवर इंजिन हवेवाचून आणि वाढीव डिझेलासह रेटले जाई. काळा धूर ही त्याची साक्ष होती, पण त्यास 'ताकद' समजले गेले.

टर्बो घ्यायचाच तर लहान घ्यावा, पंधराशे-सोळाशे फेऱ्यांपासून दाब धरणारा. म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात पडलेल्या फेऱ्या त्याच्या पट्ट्यातच उतरतील. गिअर त्यापुढे जुळवावेत, आधी नव्हे. उंचीवर हवा विरळ होते, तेथे टर्बोचा खरा लाभ दिसतो. सुमारे १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरास जाणाऱ्याला तो जाणवेल.

कायद्याचे भान राखणेही आवश्यक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला. अपघातानंतर विमा कंपनी हा मुद्दा उचलते. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

आमच्या गाडीस आम्ही टर्बो बसविला नाही. नोझल तपासून घेतले, हवेचा फिल्टर बदलला, पंपाचे टायमिंग लावले आणि नियमाहून मोठे बसवलेले मागचे टायर काढून मूळ मापाचे घातले. यंदा साखरपा सोडल्यावर पुतण्याने तिसरा टाकला आणि तो बऱ्याच वळणांपर्यंत टिकला. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर तो म्हणाला, "अण्णा, ४.९ची जोडी कुठे मिळते ते बघतो."