सापडलं नाही तर?

पायथॉनमध्ये यादी चाळून अटीत बसणारा पहिला घटक काढायचा तर लूप फिरवायचा, अट तपासायची, सापडलं की ब्रेक. एका ओळीत हवं असेल तर 'नेक्स्ट'च्या कंसात जनरेटरचा दुसरा कंस, मग स्वल्पविराम आणि 'नन'. हे दुहेरी कंस आमच्या टीममध्ये सगळ्यांनाच खटकत. ठरलं, की यादीपुढे चौकोनी कंस आणि आत नुसती अट, असं लघुरूप सुचवणारा 'पेप', म्हणजे पायथॉनमधला रीतसर प्रस्ताव, लिहून बघायचा.

पहिली अडचण लगेच आली. चौकोनी कंसातली अट आजही चालते. पायथॉनमध्ये ट्रू म्हणजे १, त्यामुळे अट खरी ठरली की यादीतला दुसरा घटक हाती येतो. नमपाय या लायब्ररीत तीच खूण अटीत बसणारे सगळेच घटक देते. म्हणून वेगळी खूण घेतली आणि फळ्यावर लिहिलं: लॉगमधली 'एरर' असलेली पहिली ओळ.

"आणि सापडलीच नाही तर?" टीममधल्या ज्येष्ठ ताईंनी विचारलं.

पुढचा सगळा वेळ त्यातच गेला. स्ट्रिंगचं 'फाइंड' अशा वेळी उणे एक देतं, यादीचं 'इंडेक्स' एरर फेकतं. उणे एक फसवं. तो शेवटच्या घटकाचाही क्रमांक असतो, म्हणून तपासायचं राहिलं तर प्रोग्रॅम निमूटपणे भलतंच अक्षर उचलतो. नन द्यावं, तर यादीतच नन असू शकतं. एरर द्यावी, तर दरवेळी ट्राय-एक्सेप्ट; मग ओळी वाचल्या कुठे? पर्यायी उत्तराला जागा ठेवली, तर स्वल्पविराम परत आला आणि आमचं लघुरूप 'नेक्स्ट'सारखंच दिसू लागलं.

थोडक्या अक्षरांवरून किती रण माजतं, हे २०१८मध्ये दिसलं होतं. अटीत बसणारं काही आहे का, याचं उत्तर 'एनी' हे फंक्शन फक्त हो की नाही असं देतं; नेमका कोणता घटक सापडला, तो हाती धरायची सोय पेप ५७२ने आणलेल्या 'वॉलरस' या खुणेमुळे (:=) झाली. त्या वादानंतर भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम अंतिम निर्णयाच्या पदावरून दूर झाले. आता पेपचा निकाल पाच जणांचं स्टिअरिंग कौन्सिल देतं.

आमचा मसुदा तिथपर्यंत गेला नाही. पायथॉनच्या माहितीपुस्तिकेत 'फर्स्ट ट्रू' नावाचं छोटं फंक्शन तयारच आहे. ते घेतलं आणि एकच बदल केला: न सापडल्यास काय द्यायचं, हे सांगणं सक्तीचं. अक्षरं थोडी वाढली, पण ताईंचा प्रश्न आता प्रत्येक शोधात लिहिणाऱ्यालाच सोडवावा लागतो.