श्वापद आणि गोळी

मोठ्या जनावराच्या शिकारीतील यश बंदुकीच्या ताकदीवर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बंदुकीची नळी गोळीला वेग आणि दिशा देते. प्रत्यक्ष काम गोळीलाच करावे लागते. हे काम दुहेरी असते. कातडी, स्नायू आणि हाडे भेदून तिने हृदय, फुप्फुसे किंवा मेंदू यांपैकी एखाद्या मर्मस्थानापर्यंत पोहोचले पाहिजे. आणि तेथे तिने एवढी इजा केली पाहिजे, की जनावराला मरण यावयास वेळ लागू नये. अडचण अशी, की या दोन अपेक्षा परस्परांना छेद देतात. खोल जाण्यासाठी गोळीचा मूळ आकार टिकावा लागतो, तर मोठी जखम होण्यासाठी ती पसरावी लागते. गोळीची निवड म्हणजे या दोहोंमधील तडजोड होय.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणाऱ्या आरंभीच्या लेखकांत जेम्स फोर्साइथ यांची गणना करावी लागेल. १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि नागपूर ही त्याची राजधानी ठरली. या प्रांतातील सातपुड्याच्या जंगलांची पाहणी करणारे फोर्साइथ हे लष्करी अधिकारी होते. त्या प्रदेशाविषयीचा त्यांचा ग्रंथ १८७१ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला आणि तो आजही वाचला जातो. त्यापूर्वी त्यांनी शिकारीची रायफल व तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

फोर्साइथ यांचा कौल शिशाच्या मोठ्या, वाटोळ्या गोळीच्या बाजूने होता. त्या काळी लांबट गोळ्या प्रचारात आल्या होत्या. परंतु त्यांच्यामागे दारू अधिक भरली, तर नळीतील पिळाच्या चऱ्यांवरून मऊ शिसे घसरे आणि नेम बिघडे. वाटोळ्या गोळीला अगदी सावकाश पीळ पुरतो. म्हणून तिच्यामागे भरपूर दारू भरता येते. दाट झाडीतील शिकार बहुधा शंभर-दीडशे यार्डांच्या आतच होई. तेवढ्या अंतरात अशी वेगवान गोळी जवळजवळ सरळ रेषेत जाई. त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी नेम चुकत नसे.

वाटोळी गोळी मोठीच का असावी लागते, याचे उत्तर भूमितीत आहे. गोळ्याचा व्यास दुप्पट केला, तर त्याचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट होते. म्हणजे छेदाच्या प्रत्येक चौरस इंचामागे दुप्पट वजन ढकलणारे मिळते आणि गोळी अधिक खोल जाते. बंदुकीचे ‘बोअर’ मोजण्याची जुनी रीतही या वजनावरच आधारलेली आहे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत बसेल, ती बारा बोअरची. हा गोळा सुमारे ३८ ग्रॅमचा, तर आठ बोअरचा सुमारे ५७ ग्रॅमचा भरतो. म्हैसूरच्या जंगलांत हत्तींच्या खेद्याचे काम पाहणारे आणि पुढे १८९२ साली मद्रास येथे निधन पावलेले जी. पी. सँडरसन हत्तीच्या शिकारीत आठ बोअरची दुनळी रायफल वापरीत, ती याच कारणाने.

पुढे ‘एक्स्प्रेस’ रायफलींचे युग आले. त्यांच्या हलक्या, पोकळ टोकाच्या गोळ्या फार वेगाने जात. हरणासारख्या लहान जनावरावर त्यांचा परिणाम तत्काळ होई. वाघाच्या किंवा गव्याच्या खांद्यावर मात्र अशी गोळी वरच्या स्नायूंतच फुटून जाण्याची भीती असे. जखम भयंकर दिसे, पण मर्मस्थान अबाधित राही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली व गोळीचा वेग इतका वाढला, की नुसते शिसे टिकेना. म्हणून त्यावर कठीण धातूचे आवरण चढविण्यात आले. पूर्ण आवरणाची गोळी खोल जाई, परंतु पसरत नसे. तेव्हा कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात टोकाचे शिसे उघडे ठेवलेली लष्करी गोळी तयार झाली. ती शरीरात शिरताच पसरे. १८९९ च्या हेग येथील परिषदेत अशा गोळ्यांचा युद्धातील वापर अमानुष ठरवून निषिद्ध करण्यात आला. शिकारीत मात्र नेमकी उलट स्थिती आहे. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्यानुसार हरणावर रायफल चालवावयाची, तर पसरणारीच गोळी वापरावी लागते. सैनिक जखमी होऊन लढाईबाहेर गेला, की युद्धाचा हेतू साधतो. जनावर जखमी होऊन निसटले, तर शिकारीचा हेतू फसतो आणि मागे केवळ यातना उरतात.

या अनुभवांतून जो नियम रूढ झाला, तो सोपा आहे. वाघ, बिबळ्या, सांबर यांसारख्या मऊ कातडीच्या जनावरांसाठी मऊ टोकाची, पण वजनदार गोळी. हत्तीसारख्या अवाढव्य व जाड हाडांच्या जनावरासाठी पूर्ण आवरणाची गोळी. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी सात मिलिमीटरच्या लहान रायफलीने शेकडो हत्ती मारले. त्यांची गोळी लहान, परंतु लांब व पूर्ण आवरणाची होती, आणि हत्तीच्या शरीररचनेचा त्यांचा अभ्यास अचूक होता. मर्मस्थानाचे ज्ञान नसेल, तर मोठी गोळीही व्यर्थ होय.

चुकीची किंमत शिकाऱ्यालाच मोजावी लागते असे नाही. १९०७ साली जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. ते जुन्या गोळीने तुटले होते, आणि त्यामुळेच ती नैसर्गिक भक्ष्य सोडून माणसांकडे वळली, असा त्यांचा निष्कर्ष होता. तिच्या बळींची संख्या ४३६ नोंदली गेली. कोणा अज्ञाताच्या एका अपुऱ्या गोळीचा हा हिशेब आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ मधील त्याच्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीला स्थान उरलेले नाही. वाघासारखे जनावर मानवी जीवितास धोकादायक झाले आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाली, तरच ते मारण्याची लेखी परवानगी देता येते. २०१८ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात ‘अवनी’ या नावाने ओळखली गेलेली वाघीण गोळीने मारली गेली, तेव्हा तिला बेशुद्ध करण्याच्या प्रयत्नांविषयी देशभर वाद झाला. गोळी झाडावी की नाही, हा निर्णय आता कायद्याचा आहे. तो निर्णय एकदा झाला, की जुना नियम पुन्हा लागू होतो: जी गोळी मर्मस्थानापर्यंत निश्चित पोहोचेल आणि तेथे आपले काम पुरे करील, तीच योग्य, कारण जखमी जनावर मागे सोडणे हे त्या जनावरावर आणि जंगलाकाठच्या माणसांवर सारखेच अन्यायाचे आहे.