मुलाम्याखालचं पितळ

चांदीचा मुलामा दिलेला ट्रम्पेट काळवंडला की हात आपसूक पॉलिशच्या डबीकडे जातो. वाद्याची निगा म्हणजे त्याची चकाकी, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. माझ्या मते गडबड इथेच होते. अशा वाद्याला खरा धोका आतून असतो, आणि बाहेरून मारलेलं पॉलिश तो धोका तर टाळत नाहीच, उलट हाताशी असलेली थोडीशी चांदीही संपवतं.

ती किती थोडी, हे आधी पाहू. 1840 साली बर्मिंगहॅमच्या जॉर्ज आणि हेन्री एल्किंग्टन या चुलतभावांनी विजेच्या साहाय्याने चांदी चढवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यासाठी पोटॅशियम सायनाइडचं द्रावण वापरावं, ही कल्पना त्याच शहरातल्या जॉन राइट या शल्यवैद्याची. या शोधामुळे चांदीची झळाळी स्वस्त झाली. पुढे इंग्लंडमधल्या खाणकामगारांच्या आणि गिरण्यांच्या बँडपथकांनीही मुलाम्याची वाद्यं घेतली, आणि कित्येकांनी आपल्या नावातच अभिमानाने ‘सिल्व्हर बँड’ असं लावलं. झळाळी स्वस्त झाली ती थर पातळ झाला म्हणून. वाद्याचा पितळी पत्राच जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यावरची चांदी साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी, पुष्कळदा त्याहूनही कमी.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंशी संयोग होऊन तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळा. या थराने वाद्य बिघडत नाही, सुरातही फरक पडत नाही, कारण नाद निर्माण होतो तो नळीतल्या हवेच्या स्तंभातून. पण हा काळा थर चांदीतूनच झालेला असल्यामुळे घासून काढला की तेवढी चांदी कायमची गेली. पॉलिश केल्यावर फडक्यावर जो काळा डाग उरतो, त्यात वाद्याची चांदीच असते. वर्षानुवर्षं घासलेला ट्रम्पेट उजेडात धरून पाहावा. डाव्या हाताचा तळवा जिथे व्हॉल्व्हच्या नळकांड्यांना कवळतो, तिथे घाम आणि पॉलिश यांनी मिळून चांदी पार उडवलेली दिसते आणि खालचं पितळ पिवळं डोकावतं. बेलवरची कोरीव वेलबुट्टी आणि कारखान्याचं नाव इतकं बुजलेलं असतं की वाचण्यासाठी वाद्य तिरकं करावं लागतं.

घरगुती उपाय तर याहून वाईट. चांदी हा मऊ धातू. टूथपेस्टमधली सिलिका तिच्याहून कितीतरी कठीण, त्यामुळे ती चांदीवर बारीक ओरखडे पाडते. रांगोळी, राखुंडी, तांब्या-पितळेची भांडी घासायची पूड, ब्रासो ही सगळी आपापल्या जागी चांगली असतील, पण मुलाम्यावर त्यांचं काम नाही. शिवाय पॉलिशचा कण व्हॉल्व्हमध्ये शिरला, तर केसाएवढ्याही फटीशिवाय सरकणारा पिस्टन तिथेच घासू लागतो.

आता आतली गोष्ट. मुलामा चढवताना विजेचा प्रवाह लांब, अरुंद नळीच्या पोटात नीट पोचत नाही, त्यामुळे बाहेरून चांदीचं दिसणारं वाद्य आतून बहुतांशी उघडं पितळच असतं. या पितळात साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. फुंकरीबरोबर लाळ जाते, नुकतंच काही खाल्लं असेल तर त्याचे कण आणि आम्लही जातं. ते साचून राहिलं की जस्त हळूहळू विरघळतं आणि मागे उरतं ते तांब्याचं पोकळ, ठिसूळ जाळं. यालाच वादक ‘रेड रॉट’ म्हणतात. माउथपीसच्या लगतची नळी, म्हणजे लीडपाइप, सर्वांत आधी जाते, म्हणून काही कारखानदार ती कमी जस्ताच्या लालसर पितळेची बनवतात. बाहेर चांदी असली की हा रोग चटकन ओळखूही येत नाही. लख्ख वाद्य आतून कुजत असू शकतं.

यावर बँडवाले म्हणतील, आमचा धंदाच दिसण्यावर चालतो. वरातीत काळवंडलेलं वाद्य कोण खपवून घेईल? आक्षेप रास्त आहे. पण चकाकी टिकते ती वाजवून झाल्यावर लगेच मऊ सुती कापडाने घाम पुसल्यामुळे, महिन्यातून एकदा घासल्यामुळे नव्हे. गणपतीच्या मिरवणुकीनंतर तर अधिकच जपावं. गुलाल आणि धूळ कोरड्या फडक्याने चोळली, तर तेच कण चांदीवर ओरखडे काढतात. आधी कोमट पाण्याने धुवावं, मग पुसावं. खास समारंभासाठी वर्षातून एखाद्या वेळी चांदीचंच सौम्य पॉलिश हलक्या हाताने वापरायला माझी हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू आहे. ॲल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा आणि गरम पाणी वापरलं की सल्फाइडची पुन्हा चांदी होते, धातू वाया जात नाही, मग तेच का नको? वाटी-चमच्यांसाठी जरूर करावं. पण ट्रम्पेटला पोलादी स्प्रिंगा, बूच, नमदा, डाक दिलेले सांधे असतात, त्यांच्यासकट तो त्या गरम पाण्यात बुडवणं जोखमीचं. शिवाय परत आलेली चांदी निस्तेज दिसते, म्हणजे चमक आणायला पुन्हा घासणं आलंच.

चिक चॉकलेट यांच्यासारखे ट्रम्पेटवादक गोव्याहून ज्या मुंबईत आले, तिथली दमट हवा चांदीला मुळीच मानवत नाही. अशा ठिकाणी वाद्य पेटीत बंद ठेवावं, सोबत सिलिका जेलची पुडी आणि चांदी काळवंडू न देणारी पट्टी असावी. रबरबँड आणि लोकरी कापड मात्र नको, दोन्हींतून गंधक सुटतं. वाजवण्याआधी चूळ भरावी, झाल्यावर पाणी काढून टाकावं. महिन्या-दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह आणि स्लाइड सोडवून, कोमट पाणी व सौम्य साबणाने लांब लवचीक ब्रश लीडपाइपमधून फिरवावा. मग नीट वाळवून व्हॉल्व्हना तेल, स्लाइडना ग्रीस लावावं आणि प्रत्येक पिस्टन आपापल्या क्रमांकाच्या घरात परत बसवावा. जुना ट्रम्पेट विकत घेतानाही आधी ट्यूनिंग स्लाइड ओढून काढावी, लीडपाइपमध्ये बॅटरीचा उजेड टाकावा आणि लालसर ठिपके दिसतात का ते पाहावं. बेलची चमक नंतर पाहिली तरी चालेल.