नात विचारील, "आजी, तुम्ही तिथं काय करत होतात?"

सुट्टी लागली की घराघरांत एकच लकडा सुरू होतो, "आई, या वेळी कुठं जायचं?" मग डबे भरले जातात, कसारा लोकल गाठली जाते नाहीतर गाडी काढून खर्डी-शहापूरचा रस्ता धरला जातो. कुणाला रिसॉर्टमधला पोहण्याचा तलाव हवा असतो, कुणाला पावसाळी धबधबा. यात वावगं काहीच नाही. पण मैत्रिणींनो, जरा कल्पना करून पाहा. आणखी पन्नास वर्षांनी आपली नात हे फोटो बघेल, तेव्हा तिच्या मनात काय येईल?

याचं उत्तर शोधायचं तर आपण आपल्या आज्यांच्या करमणुकीकडे कसं बघतो, ते आधी पाहायला हवं.

आपल्याकडची म्हशाची जत्राच घ्या ना! मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला ती भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या, पाळणे, मिठाई, नुसती झुंबड! अशा जत्रांतून तंबूतला सिनेमाही यायचा. जमिनीवर बसून, मध्येच तुटणारी फिल्म सहन करत लोक तो बघायचे. आज आपल्याला त्याची गंमत वाटते, कौतुक वाटतं. महाराष्ट्रातल्या या फिरत्या सिनेमांवरचा एक माहितीपट २०१६ साली थेट कान महोत्सवापर्यंत पोहोचला.

पण साऱ्याच आठवणी अशा गोड ठरत नाहीत हो. सर्कस आठवा. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली आपली सर्कस काढली, तेव्हापासून मराठी माणसाला तिचा केवढा अभिमान! वाघ-सिंहांच्या खेळाला आपण लहानपणी टाळ्या पिटल्या. पुढं १९९८च्या सरकारी अधिसूचनेनं वाघ, सिंह, अस्वलं, माकडं यांचे खेळ बंद झाले आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयानंही ती बंदी उचलून धरली. आता मुलं विचारतात, "आई, त्या वाघाला चाबूक दाखवायचे आणि तुम्ही हसायचात?" काय सांगणार? त्या वयात पिंजऱ्याच्या आतला विचार आपल्या मनाला शिवलाच नव्हता.

आणि बायकांचं काय? मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, पण त्यातली तारामती साळुंके नावाच्या पुरुषानं रंगवली होती. चेहऱ्याला रंग लावायला बाई मिळेना! लगेच पुढं 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकी पडद्यावर आल्या, तेव्हा कुठं ती वाट उघडली. आपल्या आज्यांच्या वाट्याला जत्रेतल्या बांगड्या, मंगळागौर नि कीर्तन. म्हणून वाटतं, नात आपले फोटो बघून एका गोष्टीचं तरी नक्की कौतुक करील. चाळिशीची गृहिणी पोरांबरोबर पाण्यात उतरली आहे, खो खो हसतेय, स्वयंपाकाची चिंता नाही. असं हसू आजीच्या फोटोत सापडत नाही.

पण त्याच फोटोतलं पाणी बघून ती दुसराही प्रश्न विचारील. शहापूर तालुका म्हणजे धरणांचा तालुका. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवतोय, भातसाही याच तालुक्यात. तरीही उन्हाळा आला की इथल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. बायका डोक्यावर हंडे घेऊन तळ गाठलेल्या विहिरीवर जातात. नात म्हणेल, "आजी, मे महिन्यात तुम्ही निळ्याशार तलावात डुंबत होतात, तेव्हा कुंपणापलीकडची बाई पाणी कुठून आणत होती?" सर्कशीतल्या वाघासारखाच हा प्रश्न आहे. तो तेव्हाही समोरच असतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

मग काय, घरीच बसायचं? छे! सहल हवीच. थोडी दक्षता घेतली म्हणजे झालं. रिसॉर्ट ठरवताना जेवणाच्या दराबरोबर हेही विचारा, की पाणी कुठून येतं नि वापरलेल्या पाण्याचं पुढं काय करतात. चार गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक लक्ष घालतोच. भर उन्हाळ्यात तलावाचा हट्ट नको. त्या दिवसांत पहाटे माहुलीच्या पायथ्याशी फिरून या. पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम असेल तर तो मोडू नका. तिथं दरवर्षी जीव जातात. कचऱ्यासाठी घरूनच एक पिशवी घ्या आणि भरून परत आणा. स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या बाईशी घासाघीस करू नका. तिच्या गावाला पाणी आहे का, एवढं मात्र जरूर विचारा.

आणि हो, मोबाइलमधले हजार फोटो नुसते साठवू नका. त्यातले दहा छापून घ्या, मागं ठिकाण, साल नि नावं लिहा. करवंदंवालीचाही एक असू द्या, अर्थात तिला विचारून. नातीला त्याच फोटोत बघण्यासारखं जास्त सापडेल.