बाजारभावाच्या नोंदी : संगणकाने मागविणे आणि तपासून घेणे

शेतमाल बाजारात नेण्यापूर्वी तेथील भाव कळावा, ही शेतकऱ्याची अपेक्षा जुनीच आहे. महाराष्ट्रात कृषि उत्पन्न बाजार समित्यांचे कामकाज १९६३ च्या अधिनियमाच्या आधारे उभे राहिले आणि समितीच्या आवारात उतरलेल्या मालाचा किमान, कमाल व सर्वसाधारण दर नोंदवून जाहीर करण्याची पद्धत रूढ झाली. हे दर पूर्वी समितीच्या फलकावर, आकाशवाणीवर किंवा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात मिळत. २००० साली केंद्र शासनाच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने ‘ॲगमार्कनेट’ ही योजना सुरू केली आणि देशातील निरनिराळ्या बाजारांच्या नोंदी एका ठिकाणी येऊ लागल्या. पुढे २०१२ मध्ये शासकीय माहिती जनतेस खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण मंजूर झाले. ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ हे संकेतस्थळ त्याच वर्षीचे. बाजारभावाच्या दैनिक नोंदी तेथे केवळ वाचण्यासाठीच नव्हे, तर एका संगणकाने दुसऱ्या संगणकाकडून थेट मागवून घ्याव्यात अशा स्वरूपातही ठेवण्यात आल्या आहेत.

याचा अर्थ असा की, तालुक्यातील एखादा विस्तार अधिकारी, संगणक शिकविणारा शिक्षक किंवा उत्साही पंचायत सदस्य साध्या संगणकावर आपल्या परिसरातील बाजारांचे दर रोज गोळा करू शकतो. त्यासाठी लागणारी आज्ञावली दहा-पंधरा ओळींची असते. मात्र आलेली माहिती पुरी आहे काय, ती कोणत्या बाजाराची व कोणत्या दिवसाची आहे, हे पाहण्याचे काम त्याहून मोठे आहे आणि बहुतेक चुका तेथेच होतात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबून कोणी ट्रॅक्टर भरून कांदा दूरच्या बाजारात नेला आणि तेथे तो भाव नव्हताच असे आढळले, तर भाड्याचा भुर्दंड आणि मिळेल त्या दराने विकण्याची पाळी शेतकऱ्यावर येते. आज्ञावली लिहिणाऱ्याचे त्यात काही जात नाही.

अर्ज आणि नक्कल

संगणकांमधील या देवघेवीस इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ए.पी.आय.’ म्हणतात. नाव अवघड असले तरी व्यवहार परिचयाचा आहे. अभिलेख कक्षातून एखाद्या कागदाची नक्कल हवी असल्यास आपण ठराविक नमुन्यात अर्ज करतो. कोणत्या गावचा, कोणत्या गटाचा, कोणत्या सालचा कागद हवा ते लिहितो. अर्ज नमुन्याप्रमाणे असेल तर नक्कल मिळते, नसेल तर शेरा मारून परत येतो. कपाटात हात घालण्याची मुभा अर्जदारास नसते. ए.पी.आय. म्हणजे हाच अर्जाचा नमुना आणि नक्कल देण्याची हीच रीत.

येथे अर्ज म्हणजे एक लांबलचक पत्ता असतो. त्यात संकेतस्थळाचे नाव, हव्या असलेल्या माहितीसंचाचा क्रमांक, अर्जदाराची ‘कळ’, उत्तर कोणत्या मांडणीत हवे ते, किती नोंदी हव्यात, कितव्या नोंदीपासून हव्यात आणि राज्य, जिल्हा किंवा शेतमाल यांची अट, अशा बाबी एकापुढे एक जोडलेल्या असतात. कळ ही संकेतस्थळावर नाव नोंदविल्यावर मिळणारी अक्षरे व अंक यांची एक मालिका होय. तिच्यावरून अर्ज कोणाचा हे ओळखले जाते. कार्यालयाचा शिक्का आपण ज्या काळजीने ठेवतो त्याच काळजीने ती ठेवावी. आज्ञावलीची प्रत इतरांस देताना तीत कळ राहू देऊ नये.

आज्ञावली लिहिण्यास कोणतीही संगणकभाषा चालते. नवशिक्यास ‘पायथन’ सोयीची पडते. गिडो व्हॅन रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली आणि वाचण्यास सुबोध म्हणून ती शाळा-महाविद्यालयांतही रुळली. तीत ‘रिक्वेस्ट्स’ नावाचा एक तयार संच मिळतो. पत्ता आणि अटी त्याच्या स्वाधीन केल्या की अर्ज पाठविणे व उत्तर आणणे ही कामे तो करतो.

उत्तराबरोबर तीन अंकी एक संकेतांक येतो. २०० म्हणजे अर्ज मान्य. ४०३ म्हणजे परवानगी नाही, बहुधा कळ चुकलेली. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू त्या पत्त्यावर नाही. ४२९ म्हणजे अर्ज फार वेगाने येत आहेत, जरा थांबा. आणि ५०० म्हणजे बिघाड त्यांच्या बाजूस आहे. हा संकेतांक आज्ञावलीने स्वतः तपासावा लागतो, कारण ‘रिक्वेस्ट्स’ अर्ज फेटाळला गेल्याचे आपण विचारल्याखेरीज सांगत नाही. उत्तरासाठी किती सेकंद थांबावे हेही आपणच ठरवून द्यावयाचे असते. ते न दिल्यास समोरचा संगणक गप्प राहिला असता आपली आज्ञावली अनिश्चित काळ ताटकळत बसते आणि सकाळी कार्यालय उघडल्यावर रात्रीचे काम झालेच नाही असे दिसते.

उत्तराचे व्याकरण

आलेले उत्तर ही आरंभी अक्षरांची एक सलग रांग असते. तिच्यातून नोंदी वेगळ्या करण्याच्या क्रियेस इंग्रजीत जो शब्द आहे, तो मुळात शाळेतील व्याकरणाचा आहे. वाक्यातील शब्द घेऊन त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगणे, म्हणजे आपल्याकडील शिक्षक ज्यास शब्दाचे व्याकरण चालविणे म्हणतात, तेच ते. संगणकही या रांगेचे व्याकरण चालवितो : हे रकान्याचे नाव, हे त्याचे मूल्य, येथे एक नोंद संपली, येथे दुसरी सुरू झाली.

व्याकरण चालवावयाचे तर भाषेचे नियम ठरलेले हवेत. बाजारभावांसाठी बहुधा ‘जेसन’ ही मांडणी मागविली जाते. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती या शतकाच्या आरंभी पुढे आणली. तीत महिरपी कंसात एक नोंद बसते, चौकोनी कंसात नोंदींची यादी बसते आणि प्रत्येक नावापुढे अपूर्णविराम देऊन मूल्य लिहिलेले असते. पायथनमध्ये एकाच आज्ञेने या रांगेतून नोंदींची यादी तयार होते. उदाहरणादाखल एखादी नोंद अशी असेल असे समजू : राज्य महाराष्ट्र, जिल्हा नाशिक, बाजार लासलगाव, शेतमाल कांदा, वाण लाल, दिनांक ०३/०४/२०२४, किमान दर ९००, कमाल दर १८००, सर्वसाधारण दर १५००. दर क्विंटलमागे रुपयांत असतात. म्हणजे हा सर्वसाधारण दर किलोस पंधरा रुपये झाला. फळ्यावर लिहिताना परिमाण वगळले, तर वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच.

दहाच नोंदी का आल्या?

कळीसाठी नाव नोंदविण्यापूर्वी प्रयोग करून पाहता यावा म्हणून संकेतस्थळाने एक नमुन्याची कळ दिलेली आहे. तिने एका वेळी दहाच नोंदी मिळतात. पहिल्यांदा आज्ञावली चालविणारा बहुधा हीच कळ वापरतो, दहा नोंदी पाहून आनंदित होतो आणि ‘आज दहाच बाजारांत व्यवहार झाले’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. स्वतःच्या कळीनेही हा प्रश्न पुरता सुटत नाही, कारण किती नोंदी हव्यात हे अर्जात लिहावे लागते आणि तेवढ्याच मिळतात.

उत्तरातच एकूण नोंदींची संख्या दिलेली असते. ती प्रथम वाचावी. मग पहिल्या शंभर, त्यानंतर एकशे एकाव्यापासून पुढच्या शंभर, याप्रमाणे नोंदी टप्प्याटप्प्याने मागवाव्यात, दोन अर्जांमध्ये एखादा सेकंद थांबावे आणि अखेर हाती आलेल्या नोंदी मोजून एकूण संख्येशी ताळा घालावा. रोजकीर्द व खातेवही यांचा मेळ बसल्याखेरीज हिशेबनीस दिवस बंद करीत नाही, त्याच जातीचे हे काम आहे. दिवसभरात बाजारांच्या नोंदी येतच असतात. त्यामुळे मागविण्याचे काम चालू असतानाच एकूण संख्या बदलू शकते. अशा वेळी मागविणे पुन्हा पहिल्यापासून करणे श्रेयस्कर.

याउलट, उत्तर २०० या संकेतांकाने आले, पण त्यात एकही नोंद नाही, असेही घडते. त्या दिवशी बाजार बंद असेल. समितीची नोंद अद्याप पोहोचली नसेल. किंवा आपण अटीत बाजाराचे नाव चुकीचे लिहिले असेल. संगणकाच्या दृष्टीने तिन्ही गोष्टी सारख्याच. तक्ता तयार करताना अशा जागी शून्य लिहिण्याचा मोह होतो, तो टाळलाच पाहिजे. शून्य म्हणजे माल फुकट गेला असा अर्थ होईल आणि महिन्याची सरासरी काढताना हे शून्य दर खाली ओढील. रकाना रिकामा ठेवावा आणि कारण कळल्यास बाजूस लिहावे.

अंक की अक्षरे?

मांडणीत एखादे मूल्य अवतरणचिन्हांत आले, तर संगणक त्यास संख्या न मानता शब्द मानतो. शब्दांची तुलना कोशातील क्रमाप्रमाणे, पहिल्या अक्षरापासून होते. अशा तुलनेत ९०० हे १५०० पेक्षा मोठे ठरते, कारण नऊ हा एकानंतर येतो! आज्ञावली कोठेही अडत नाही, चुकीचा इशारा देत नाही आणि सर्वांत कमी भावाचा बाजार सर्वांत वर दाखविते. म्हणून दराचे रकाने हिशेबास घेण्यापूर्वी संख्येत रूपांतरित करून घ्यावेत.

दिनांकाचेही असेच आहे. वरील नोंदीतील ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. परंतु अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि तक्ते हाताळणारी काही लोकप्रिय साधने, वेगळे सांगितले नाही तर, तीच रीत धरतात. मग ३ एप्रिलची नोंद ४ मार्चच्या खात्यात जाते. महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढे असा घोटाळा होऊ शकत नाही, कारण तेरावा महिना नाही. त्यामुळे अर्ध्याहून अधिक तारखा बरोबर दिसतात आणि चूक लवकर ध्यानात येत नाही.

नावांचा घोळ

या माहितीसंचात नावे इंग्रजीत आहेत. लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) हे तेथे तीन वेगळे बाजार म्हणून नोंदलेले आहेत. पुण्याच्या नावानेही मुख्य बाजाराखेरीज खडकी, पिंपरी, मोशी अशा निराळ्या नोंदी आढळतात. ‘लासलगाव’ एवढीच अट घालणाऱ्यास काय मिळाले आणि काय राहून गेले, हे त्याने एकदा पूर्ण यादी मागवून डोळ्यांनी पाहावे. याला दुसरा उपाय नाही. जिल्ह्यांच्या नावांबाबतही सावध राहावे. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद हे जिल्हे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाले. अनेक वर्षांचा आढावा घेताना एकाच नावाने सर्व काळाच्या नोंदी मिळतील असे गृहीत धरू नये.

वाणाचा रकाना तर सर्रास दुर्लक्षिला जातो. लाल कांदा आणि उन्हाळी कांदा यांचे दर एकाच स्तंभात टाकून भाव चढला की उतरला हे सांगणे म्हणजे बाजरी व गहू एकत्र मोजण्यासारखे होय.

सरासरीचा मोह

नोंदी हाती आल्या की जिल्ह्याचा ‘सरासरी भाव’ काढण्याची इच्छा प्रत्येकास होते. सर्वसाधारण दर म्हणजे किमान व कमाल यांचा मध्य नव्हे. ज्या दराने त्या दिवशी बहुसंख्य मालाचे व्यवहार झाले तो दर. तो एका बाजारापुरताच खरा. समजा, एका बाजारात पाच हजार क्विंटल कांदा १,५०० रुपयांनी गेला आणि दुसऱ्या छोट्या बाजारात शंभर क्विंटल २,५०० रुपयांनी. दोन दरांची साधी सरासरी २,००० येते. परंतु एकूण रक्कम भागिले एकूण माल असा हिशेब केला तर ती सुमारे १,५२० रुपयेच भरते. जिल्ह्यातील बहुतेक शेतकऱ्यांना जो भाव मिळाला त्याच्याशी दोन हजारांचा काही संबंध नाही. दैनिक दरांच्या या माहितीसंचात आवकेचा आकडा नसतो. तो बाजार समितीकडून किंवा १९८४ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि तो मिळेपर्यंत सरासरी न काढता प्रत्येक बाजाराचा दर स्वतंत्रपणे लिहावा.

मूळ उत्तर जपून ठेवणे

दैनिक दरांचा हा संच चालू दिवसाचा आहे. नव्या नोंदी आल्या की जुन्या तेथे राहत नाहीत. ज्यांना हंगामभराचा आलेख हवा असेल त्यांनी आज्ञावली रोज ठराविक वेळी, शक्यतो सायंकाळी व्यवहार आटोपल्यावर चालवावी. आलेले उत्तर कोणताही फेरफार न करता प्रथम जसेच्या तसे साठवावे आणि हिशेब त्याच्या प्रतीवर करावा, म्हणजे पुढे आज्ञावलीत दोष सापडल्यास मूळ उत्तरावरून आकडे पुन्हा काढता येतात. धारिकेच्या नावात वर्ष, महिना व दिवस याच क्रमाने घालावेत. त्यामुळे संगणकावरील यादी आपोआप तारीखवार लागते. फळ्यावर दर लिहिताना बाजाराचे पूर्ण नाव, वाण, दिनांक, परिमाण आणि नोंद मागविल्याची वेळ लिहावी.