रात्र पूर्वेकडून येते

लहान मुलांची अंधाराशी गाठ पडते ती बहुधा दिव्याच्या बटणापाशी. बटण दाबलं की अंधार एकदम अंगावर येतो, मग त्याची भीती वाटली तर नवल काय? खरी रात्र अशी येत नाही. ती सावकाश आणि दिशा धरून येते. ती येताना मुलांना दाखवायला हवी.

दिवाळीनंतर आकाश निवळलं, की एखाद्या संध्याकाळी मुलांना गच्चीवर न्या. सूर्य मावळला की तोंड पूर्वेकडे करायला सांगा. क्षितिजालगत करडा-निळा पट्टा दिसेल, त्याच्यावर फिकट गुलाबी. करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. सूर्य जसजसा खाली जातो, तसतशी ती वर चढते आणि थोड्याच वेळात आकाशात मिसळून जाते. हीच सावली अवकाशात सुमारे १४ लाख किलोमीटर लांब पसरलेली असते. पौर्णिमेचा चंद्र तिच्यात शिरला की चंद्रग्रहण होतं.

रात्र पूर्वेकडून येते, याचा पडताळा फोनवरही घेता येतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहे. त्यामुळे तिथे सूर्य सुमारे २५ मिनिटं आधी मावळतो. ऋतूनुसार थोडा फरक पडतो. मुंबईच्या मुलांनी नागपूरच्या मावशीला विचारावं, ‘तुमच्याकडे दिवेलागण झाली का?’

आता कुंडीतली लाल जास्वंद पाहा. उजेड ओसरताना फूल काळपट होतं, पानं मात्र त्याहून उजळ दिसतात. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मंद प्रकाशात निष्प्रभ होतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. त्यांना लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. दंडपेशी पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, म्हणून मोबाइल घरातच ठेवावा. तेवढ्या वेळात चांदण्या वाढत जातात, त्या मुलांनाच मोजू द्याव्यात.

‘घाबरू नकोस’ एवढं सांगून भीती जात नाही. अंधार कुठून आला ते स्वतः पाहिलं, की तो ओळखीचा होतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे वाक्य मुलं शाळेत पाठ करतात. ते अनुभवायला गच्चीवरचा अर्धा तास पुरतो, आणि तो देणं आपल्या हातात आहे.